दाजींनी चेंबर उतरवलं

आमच्या दाजींच्या घरी जाऊन जो माणूस गार न पडता परत आला, तो एक तर आंधळा असला पाहिजे, नाही तर दाजींचाच सख्खा भाऊ. मी त्यांचा सख्खा मेहुणा. थोरल्या बहिणीचं, म्हणजे आमच्या अक्काचं, त्यांच्याशी लग्न लागलं त्या दिवसापासून मी गार पडतो आहे आणि अजून त्याची सवय झालेली नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वरातीला फुलांच्या माळा घातलेली मोटार येणार म्हणून आम्ही सगळे रस्त्याकडं डोळे लावून बसलो, आणि मांडवापुढं येऊन थांबला तो उसाचा ट्रक. स्टेअरिंगवर नवरदेव स्वतः, मुंडावळ्या कानामागं अडकवलेल्या. आमच्या वडिलांनी तिथल्या तिथं जमिनीवर बसकण मारली. अक्काला केबिनमध्ये चढवायला आचाऱ्याकडून स्टूल आणावं लागलं. ती चढली, बसली, नव्या शालूला लागलेलं ग्रीस बघितलं, आणि त्याच क्षणी तिनं त्या ट्रकचं नाव ठेवलं, सवत. तो ट्रक अजून आहे आणि ते नावही अजून आहे.

दाजींचं घर कळंब्याला. त्याला घर म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. दाजींनी आधी गाडीला जागा केली आणि मग उरलेल्या विटांत माणसांची सोय बघितली. गाडी नुसती आत शिरून भागायचं नाही, तिच्या टपावर उभं राहून ताडपत्री बांधताना माणसाचं डोकं छताला लागता कामा नये, या हिशेबानं खांब उभे राहिले. त्यामुळं खालचं गॅरेज देवळाच्या सभामंडपाएवढं उंच आणि राहती जागा त्याच्याही वर. जिना चढून आलेला पाहुणा आधी पाणी मागतो आणि मग रामराम घालतो. ओटा कुठं घ्यायचा, देवघर कुठल्या कोपऱ्यात करायचं, हे गवंड्यानं विचारलं तेव्हा दाजींनी बायकांकडं बोट दाखवलं. गॅरेजच्या छताला जी मोठी तुळई आहे तिच्यात मनगटाएवढ्या सळईचा हूक कुठं बसवायचा हे दाखवायला मात्र ते स्वतः शिडीवर चढले. अक्काला वाटलं, नवऱ्यानं आपल्यासाठी झोपाळ्याची सोय केली. बिचारी वास्तुशांतीपर्यंत खुशीत होती.

या घरात स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यात सरहद्द अशी नाही. लाटणं हरवलं की ते खाली हातोड्याचा दांडा होऊन बसलेलं सापडतं. इडलीचं पात्र तर अक्कानं कधीच सोडून दिलं. दाजी खोललेले नटबोल्ट त्याच्या एकेका खळग्यात ज्या त्या क्रमानं मांडून ठेवतात आणि वर आम्हालाच विचारतात, याच्यापेक्षा चांगला उपयोग दाखवा. पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते लग्नपत्रिकांवरून. दोन लोखंडी भागांच्या मधे तेल-पाणी गळू नये म्हणून पुठ्ठ्याचं पॅकिंग घालावं लागतं, आणि दाजी ते बाजारातून आणत नाहीत. ते पै-पाहुण्यांच्या लग्नपत्रिका कातरतात. कोणाकडून पत्रिका आली की वर-वधूची नावं वाचायच्या आधी तिचा कोपरा दुमडून बघतात. पत्रिका जाड असली की माणसं खानदानी. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी सोनेरी काठाची, चांगली दणकट, निवडून निवडून छापली होती. लग्नानंतर महिन्याभरानं दाजी मला दुकानात भेटायला आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पावणं, पत्रिका लई झ्याक निघाली. वॉटर पंपातनं एक थेंब गळंना झालाय." मी कापडाचा व्यापारी माणूस, गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसायची सवय आहे, म्हणून हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस दाजींशी बोलली नाही आणि दाजींना ते कळलंही नाही.

माणसांकडं बघायची त्यांची तऱ्हाही तीच. पोरगं रडलं की हॉर्न अडकला, म्हातारं खोकलं की सायलेन्सर बघा. गेल्या उन्हाळ्यात उसाचा हंगाम संपला आणि आठवड्याभरात दाजींच्या स्वतःच्याच छातीत कळ आली. आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं काय होतंय विचारलं तर खाटेवर आडवे पडून, घामानं डबडबलेले दाजी म्हणतात, चढाला पिकअप घेत नाही. डॉक्टर माझ्याकडं बघतोय, मी भिंतीकडं बघतोय. औषधं चालू झाली, कळ थांबली, आणि डॉक्टरनं सांगितलं की आता हे ट्रक चालवणं वगैरे पुरे झालं. त्यावर दाजींनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं. हे वाक्य मी बारशात ऐकलंय, बाराव्याला ऐकलंय, सोसायटीच्या सभेत ऐकलंय. पण नाकात नळी असताना कोणी ते बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"डॉक्टर, गाडी हाय तोवर मी हाय."

अक्का उशाशी बसली होती. तिनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाली, जा, चहा घेऊन ये.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा सरत आला. दाजी घरात आणि गाडी गॅरेजात. एकाला औषधं आणि दुसरीला, दाजींच्या भाषेत, दम टिकावा म्हणून दर चार दिवसांनी जागच्या जागी इंजिन चालू करणं. तेव्हा वरच्या मजल्यावर भांड्यांचं कपाट थरथरायचं आणि अक्का खाली तोंड करून ओरडायची, सवत उठली काय. सगळं ठीक चाललं होतं. मग गणपती विसर्जन होऊन गेले आणि गाडी ठोकायला लागली. ठोकणं म्हणजे इंजिनाच्या पोटातून टकटक आवाज. आत कोणी तरी दार वाजवतंय असा. तेलाचं प्रेशर दाखवणारा काटा झोपला. दाजींचा चेहरा त्या काट्याबरोबरच उतरला. त्यांचं पूर्वीपासूनचं बोलणं होतं की क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, गेला तर दुरुस्ती नाही, गाडी सरळ भंगारात द्यायची. मेलेल्या जनावराला गोठ्यात ठेवत नाहीत. आता ते बोलणं अंगावर आलं.

कुठून वास लागतो देव जाणे, दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर लाथ मारून बघितली. दाजी खुर्चीत बसून नुसते बघत राहिले. मी त्या दिवशी तिथं होतो आणि एका गोष्टीनं चक्रावून गेलो. वीजमीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा चहा पाजल्याशिवाय न सोडणारी आमची अक्का, तिनं त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून तो जाईपर्यंत त्याच्याकडं बघत होती. सवत जायची वेळ आली तर बाई खूश व्हायला पाहिजे. मी तसं म्हणालोही. तिनं मला, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक न्हाई काय आज, असं विचारलं.

शेवटी दाजींनी ठरवलं की भंगारवाल्याला शब्द द्यायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी क्रँक बघायचा. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारं एक लोखंडी भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. ते उतरवलं की आतला क्रँक दिसतो. मिस्त्री बोलवू, असं मी म्हणालो. दाजी म्हणाले, घरच्या माणसाचं पोट परक्यानं फाडायचं नसतं. मग दुकानाच्या सुट्टीदिवशी, अर्ध्या बाह्यांचा पांढराशुभ्र सदरा घालून बहिणीकडं जेवायला गेलेलो मी, दहा वाजता त्या ट्रकखाली पाठीवर पडलेला होतो. कसा, हे मला अजून उमगलेलं नाही. दाजींच्या बाजूला उभं राहिलं की माणूस थोड्या वेळानं आडवा होतोच. डॉक्टरनं वजन उचलू नका म्हणून सांगितलंय याची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

चाकांमागं ओंडके लावले, पुढची बाजू जॅकवर घेतली. खाली तेल धरायला अक्काचं पुरणाचं पातेलं आधीच आलेलं होतं. दाजींनी चेंबरच्या तळाचा नट सोडवला, आणि काळंभोर तेल यायचं सोडून त्या भोकातून भलतंच काही बाहेर पडलं. निरशा दुधाची कॉफी. दाट, पिवळसर, फेसाळ. पातेलं भरत आलं तशी ती आणखीनच पिण्यालायक दिसायला लागली. मी दाजींकडं बघितलं. ते गाडीखालून सरकत बाहेर गेले आणि ओंडक्यावर बसले. तेलात पाणी मिसळलं की असं होतं, एवढं मलाही नंतर कळलं. आणि इंजिनात तेलाला पाणी भेटायचा एकच रस्ता दाजींना ठाऊक होता. ते हळू आवाजात म्हणाले, "ब्लॉक फुटलाय, पावणं. संपलं." ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धडच. त्यांचा तळहात छातीवर, कळ आली होती त्याच जागी. मला गाडीची फिकीर नव्हती. मला त्या हाताची भीती वाटली. हा माणूस आता इथंच, या ओंडक्यावरच आटोपतो की काय, असं वाटलं. मी म्हणालो, जाऊ दे दाजी, जेवायला चला. ते म्हणाले, एवढं उघडलंय तर तोंड बघून घेतो.

चेंबर सहजासहजी निघत नाही. खाली आडवी पट्टी येते, तिच्यावरून ते सरकत नाही. त्यासाठी इंजिनच थोडं वर उचलावं लागतं. आणि तेव्हा मला त्या झोपाळ्याच्या हुकाचा खरा अर्थ समजला. दाजींनी कपाटामागून साखळीची कप्पी काढली, हुकाला अडकवली, साखळी इंजिनाला बांधली आणि मला ओढायला सांगितलं. ज्या तुळईवर माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर उभं आहे तिला मी एका ट्रकचं इंजिन लटकावत होतो. साखळी कडकडली, वरून चुन्याचा पापुद्रा माझ्या नाकावर पडला, वर ताटंवाट्या खणखणल्या, आणि अक्काचा आवाज आला की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पालथा पडला. दाजी खालून म्हणाले, सरळ करून ठेव, अजून वाईच उचलायचंय. मी हात जोडले असते, पण हातात साखळी होती.

साखळी अडकवून मी परत गाडीखाली शिरलो आणि बोल्ट एकेक करून इडलीपात्रात गेले. शेवटचा निघाला तसं चेंबर धपकन खाली आलं आणि त्यात राहिलेली सगळी कॉफी माझ्या सदऱ्यावर. मी त्या सदऱ्याबद्दल काही बोलणार नाही. दाजी बॅटरी घेऊन आत बघत होते. क्रँकवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. "दांडा तर चकचकीत हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी तेल शोषून घेणारी नळी बघितली. तिच्या तोंडाला जाळी असते, गाळ वर जाऊ नये म्हणून. ती जाळी कसल्या तरी काळ्या चोथ्यानं गच्च बुजली होती. म्हणून तेल वर चढत नव्हतं, म्हणून काटा झोपला होता, म्हणून ती ठोकत होती. दाजींनी तो चोथा नखानं काढला, डिझेलच्या वाटीत खळबळून धुतला आणि तळहातावर पसरला. बराच वेळ बघितला. मग तळहात माझ्यापुढं केला.

पानं होती. बारकी, काळी पडलेली पानं, आणि मधे एक मंजिरी, अख्खीच्या अख्खी. लहान पोरानं ओळखली असती. मी आजवर त्या घरात नाही नाही त्या गोष्टी बघितल्या, पण ट्रकच्या पोटातून तुळस निघालेली बघून माझ्या डोक्यात मुंग्या आल्या. शेतातला पाला उडून आत जाईल म्हणावं तर इंजिन सगळीकडून बंद. मी काही विचारणार तोवर दाजींनी मान वर केली आणि त्या तुळईकडं, म्हणजे तिच्यावरच्या स्वयंपाकघराकडं, बघत हाक मारली, "अगं, जरा खाली ये."

अक्का आली. हातात आमटीची पळी. तिनं दाजींचा तळहात बघितला, पातेल्यातली कॉफी बघितली, आणि पळी पदराआड धरली. मग जे सांगितलं ते असं. दाजी दवाखान्यातून घरी आल्यापासून ती दर पौर्णिमेला भजनातल्या बायकांबरोबर वाडीला जात होती, ते मला माहीत होतं. दत्ताच्या पायांचं तीर्थ बाटलीतून आणत होती, तेही माहीत होतं. दाजींना चमचाभर मिळायचं. उरलेली बाटली कुठं जाते हे कोणी कधी विचारलं नव्हतं. दाजी दुपारचे झोपले की ती स्टूल घेऊन खाली यायची, केबिनमध्ये चढायची, आणि आतल्या इंजिनावरचं, दाजी जिथून तेल ओततात ते टोपण काढून तिथून थोडं थोडं तीर्थ घालायची. नासू नये म्हणून त्यात आपल्या वृंदावनातली तुळस. टोपण परत घट्ट लावून, नमस्कार करून, स्टूल उचलून वर.

"अक्का, अगं, इंजिनात पाणी?" मी म्हणालो.

"पाणी न्हवं ते. तीर्थ हाय," ती माझ्यावरच खेकसली.

दाजींचा आवाज चढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की सवत म्हणतीस ना तिला, मग हे कशाला.

"सवतच हाय," अक्का म्हणाली. "पर साऱ्या गावाला तुमीच सांगत सुटलायसा, गाडी हाय तोवर मी हाय. दवाखान्यात खाटंवर पडूनबी त्येच बोललासा. मग म्या तिला मरू दिऊ व्हय?"

गॅरेजमध्ये इंजिन साखळीवर लटकलेलं, मी तेलानं माखलेला, आणि अक्काच्या डोळ्यांतून पाणी. मी उगाच इडलीपात्रातले बोल्ट मोजायला लागलो. दाजींनी ती मंजिरी खिशातल्या रुमालात ठेवली, रुमालाची घडी घातली. मग नव्या ड्रायव्हरला समजावून सांगतात त्या सुरात म्हणाले, "तीर्थ घालायचं असंल तर रेडिएटरमधी घालावं. पाण्याची जागा ती हाय."

"मला कोन सांगितलंतं," असं म्हणून अक्का नाक ओढत वर गेली. आमटी लागली होती. आम्ही ती तशीच जेवलो, आणि दाजींनी दोनदा वाढून घेतली.

ब्लॉक फुटलेला नव्हता. इंजिन धुतलं, जाळी साफ झाली, बेअरिंग बदलली, ताजं तेल पडलं, आणि खंडेनवमीला पूजेच्या वेळी गाडी पहिल्या चावीला चालू झाली. काटा ताडकन उभा राहिला. भंगारवाल्याचा फोन आला तो अक्कानं घेतला आणि त्याला काय सांगितलं ते मला लिहिता येणार नाही. यंदाच्या हंगामाला गाडी जाईल, पण स्टेअरिंगवर दुसरा ड्रायव्हर असेल. हे दाजींनी आपण होऊन सांगितलं, तेव्हाही मी गार पडलो. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात जरा उशिरा आली. दाजी ते वाक्य बोलेनासे झालेत. परवा एका साखरपुड्यात कोणी तरी मुद्दाम खोडी काढली, काय दाजी, गाडी हाय तोवर काय. दाजींनी बायकांच्या पंगतीकडं एकदा बघितलं आणि विषय पावसावर नेला.

कोजागिरीच्या पौर्णिमेला मी संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो होतो. गॅरेजचं दार अर्धवट उघडं होतं. गाडीच्या तोंडाशी अक्का स्टुलावर चढली होती, हातात वाडीची बाटली, आणि दाजी दोन्ही हातांनी ते स्टूल घट्ट धरून उभे. रेडिएटरचं टोपण काढून ती अगदी बारीक धार धरून तीर्थ ओतत होती, आणि दाजी तिला समजावत होते. "लोखंडच हाय गं ते. आज ना उद्या जायाचंच. मी काय तिच्या जिवावर न्हाई." ज्या माणसानं मला उभ्या जन्मात त्या गाडीच्या मडगार्डला टेकू दिलं नाही, तो तिला लोखंड म्हणत होता. मी दारातच थबकलो.

अक्कानं टोपण लावलं, फिरवून घट्ट केलं आणि वरूनच दाजींना दटावलं.

"हळू बोला. ऐकू जातंय तिला."

मी चप्पल वाजणार नाही अशा बेतानं मागं फिरलो आणि बाहेर कठड्यावर जरा वेळ बसून राहिलो.